‘प्लगइन डाउनलोड करा’ पंधराव्यांदा दाबण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातून, फोन आला. दिवाणजी डीव्हीआरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राबद्दल, बोलत होते. “मॅडम, डीव्हीआरचं पान उघडतंय, पासवर्डपण घेतंय, पण चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. वर लिहिलंय, प्लगइन डाउनलोड करा. केलं, तरी परत तेच लिहून येतंय.” किती वेळा केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, दोनतीनदा. मी जाऊन डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. वेबप्लगइन नावाची फाइल, आणि पुढे कंसात (१), (२), (३) करत थेट (१३).

इचलकरंजीत आमचं सीसीटीव्ही फिटिंगचं काम आहे. नवरा शिडीवर चढतो, मी कीबोर्डला बसते. त्याआधी सहा वर्षं मी एमएस-सीआयटी शिकवत होते, म्हणून निम्मे गिऱ्हाईक अजून मॅडमच म्हणतात. या काळ्या चौकोनाचे फोन मला महिन्याला चारपाच तरी येतात. पतसंस्था, सराफ, मंगल कार्यालय, यंत्रमागाचे शेड. सगळीकडे डीव्हीआर दहाबारा वर्षांपूर्वीचा, आणि कॉम्प्युटर मात्र नुकताच घेतलेला. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पण प्लगइनकडे, म्हणजे ब्राउझरला चित्र दाखवता यावं म्हणून वेगळ्या घालायच्या प्रोग्रॅमकडे, वळण्याआधी एक प्रश्न. तुम्हाला आत्ता नेमकं काय हवंय? रोजचं चित्र बघायचंय, की झालेल्या एखाद्या घटनेचं फुटेज काढायचंय?

फुटेज काढायचं असेल तर ब्राउझर बाजूला ठेवा आणि आधी हिशेब करा. त्या सायझिंगमध्ये आठ कॅमेरे आणि १ टीबीची हार्ड डिस्क होती. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट लिहितो असं धरलं, तर आठांचे ८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज साधारण ८६ जीबी. एक टीबी अकरा दिवसांत भरते, आणि बाराव्या दिवशी डीव्हीआर पहिल्या दिवसावर लिहायला लागतो. कुणाला विचारत नाही. सुताची चार बाचकी गेली होती त्याला नऊ दिवस झाले होते. दिवाणजींनी त्यातले तीन दिवस डाउनलोड करण्यात घालवले होते.

अशा वेळी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे डीव्हीआरलाच मॉनिटर आणि माउस जोडणे. व्हीजीए किंवा एचडीएमआय केबल लावा, मेनूत ‘बॅकअप’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ शोधा, कॅमेरा आणि वेळ निवडा, पेन ड्राइव्ह लावा. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. जुने डीव्हीआर एनटीएफएस बहुतेक वेळा ओळखतच नाहीत, आणि ‘डिव्हाइस सापडलं नाही’ एवढंच म्हणून गप्प बसतात. फुटेजसोबत कंपनीचा छोटा प्लेअरही कॉपी करायचा पर्याय असेल तर तो घ्या, कारण ती फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडेलच असं नाही.

डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. त्या सायझिंगचं सतरा मिनिटं पुढे होतं. लगेच बरोबर करायला जाऊ नका. फरक कागदावर लिहा, मोबाइल आणि स्क्रीन एका फोटोत येतील असा फोटो काढा, बॅकअप घ्या आणि मगच घड्याळ लावा. प्रकरण पोलिसांत जाणार असेल तर आणखी एक काम वाढतं. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. पूर्वी ज्याला सगळे ‘पासष्ट-ब’चं सर्टिफिकेट म्हणायचे ते आता कलम ६३ खाली द्यावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणावा असा आकडा, लिहावी लागते. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. नाव बदलणं, कापणं, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करणं, जे काय करायचं ते प्रतीवर करा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं होतं तर ब्राउझरच्या नादाला लागलोच कशाला? आमच्या सायझिंगमध्ये डीव्हीआर माळ्यावरच्या लोखंडी पेटीत कुलूपबंद होता. चावी मालक अण्णांच्या मुलाकडे, आणि मुलगा भिवंडीला. पेटीतून बाहेर येत होती ती फक्त लॅनची केबल. म्हणून ब्राउझर.

अडवतंय कोण, ते आधी ओळखा

‘प्लगइन ब्लॉक’ असं सगळे एका शब्दात सांगतात, पण अडवणारे तीन वेगवेगळे असतात आणि तिघांचे उपायही वेगळे.

पहिला प्रकार दिवाणजींचा. क्रोममध्ये पान उघडतं, प्लगइन मागतं, तुम्ही ते घालता, पान परत मागतं. इथे प्लगइनमध्ये काही बिघाड नसतो. क्रोमला ते दिसतच नाही. नेटस्केपच्या काळातली, १९९५ सालची प्लगइन जोडण्याची पद्धत होती, एनपीएपीआय नावाची. क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये ती बंद करून ठेवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ४५ व्या आवृत्तीत, मुळासकट काढली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत, फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन घालवली. म्हणजे आजच्या क्रोममध्ये तुम्ही ती फाइल शंभर वेळा चालवलीत तरी, भिंतीत बोर्डच नसताना प्लग हातात घेऊन फिरल्यासारखं आहे. डीव्हीआरच्या पानाला बिचाऱ्याला हे ठाऊक नाही. ते २०१३ सालीच थांबलंय.

दुसरा प्रकार विंडोजचा. ‘प्रकाशकाची खात्री करता येत नाही म्हणून हे सॉफ्टवेअर ब्लॉक केलं आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो. प्लगइनवर कंपनीची डिजिटल सही नसते, किंवा ती जुन्या पद्धतीची असते. इथे प्लगइन दिसतंय, पण आत घ्यायला विंडोज तयार नाही.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने ‘कालबाह्य प्लगइन’वाला. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सप्टेंबरपासून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक यादी ठेवली. जावासारख्या ठरावीक अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोलची, म्हणजे एक्सप्लोररच्या प्लगइनची, जुनी आवृत्ती दिसली, की वर पट्टी येते आणि ‘अपडेट’ किंवा ‘या वेळेपुरतं चालवा’ असं विचारते. डीव्हीआरची प्लगइन्स सहसा या यादीत नसतात. पण कॉम्प्युटरवर कुणीतरी कधीकाळी टेंडरसाठी जुनं जावा घालून ठेवलेलं असलं, तर ही पट्टी दिसते आणि लोक उगाच डीव्हीआरला शिव्या घालतात.

यात ब्राउझरची चूक आहे असं मला वाटत नाही. प्लगइन हा वेब पानाचा भाग नसतो, तो तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारा पूर्ण प्रोग्रॅम असतो. तुम्हाला ज्या फाइली उघडता येतात त्या त्यालाही येतात. असा प्रोग्रॅम एखादं पान उघडल्याबरोबर सुरू व्हायचा, आणि त्यात २०१२ नंतर कुणी सुधारणा केलेली नसायची. म्हणूनच सगळ्या ब्राउझरनी हे दार लावून घेतलं. त्या दाराला आपल्याला एकाच पत्त्यापुरती खिडकी पाडायची आहे. अख्खं दार काढून टाकायचं नाही.

एजमधली खिडकी

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. विंडोज १० वर जे लोक तरीही जुना निळा ‘ई’ दाबत होते, त्यांच्यासाठी १४ फेब्रुवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्याच एज या ब्राउझरच्या अपडेटने तोही बंद केला. आता दाबला की एज उघडतं. पण एजच्या पोटात एक्सप्लोररचं इंजिन अजून आहे. त्याला आयई मोड म्हणतात, आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. डीव्हीआरचं पान त्या मोडमध्ये उघडायचं.

एजच्या तीन टिंबांतून सेटिंग्जमध्ये जा. कंपनी दर सहा महिन्यांनी मेनूची जागा बदलते, त्यामुळे मी रस्ता पाठ करत नाही; सेटिंग्जमध्येच वर शोधायची पट्टी असते, तिथे इंटरनेट एक्सप्लोरर टाइप करते. बहुतेक वेळा ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात दोन गोष्टी सापडतात. पहिली, ‘अलाऊ साइट्स टु बी रिलोडेड इन इंटरनेट एक्सप्लोरर मोड’. तिथे ‘अलाऊ’ निवडा आणि एज पुन्हा सुरू करा. हे पुन्हा सुरू करणं लोक विसरतात आणि ‘काही झालं नाही’ म्हणून फोन करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड पेजेस’. तिथे ‘अ‍ॅड’ दाबून डीव्हीआरचा पत्ता घालायचा. पत्ता पूर्ण लिहा, सुरुवातीच्या एचटीटीपीसकट. नुसते आकडे टाकले, तर एज कधीकधी स्वतःहून सुरक्षित एचटीटीपीएस जोडायला बघतं आणि जुना डीव्हीआर तिथे उत्तरच देत नाही. पत्ता माहीत नसेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी बघा. १९२.१६८.१.१०८ किंवा १९२.१६८.१.६४ हे काही कंपन्यांचे कारखान्यातून आलेले पत्ते आहेत, फिटिंगवाल्याने बदलले नसतील तर तेच सापडतात.

एक बारीक मेख आहे. ही यादी अख्ख्या साइटची नसते, पानाची असते. पुष्कळ डीव्हीआर मूळ पत्ता टाकला की लगेच लॉगिनच्या दुसऱ्याच पानावर ढकलतात. तुम्ही यादीत घातलेला पत्ता एक आणि प्रत्यक्ष उघडलेला दुसरा, मग मोड लागतच नाही. म्हणून आधी पान साध्या एजमध्ये उघडा, वरच्या पट्टीत शेवटी जो पत्ता स्थिरावतो तो कॉपी करा आणि तोही यादीत घाला. मोड लागला की पत्त्याच्या डावीकडे एक्सप्लोररचा छोटा ‘ई’ दिसतो. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

पूर्वी याहून सोपं होतं. मेनूतच ‘रिलोड इन इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ असायचं आणि एका क्लिकमध्ये काम व्हायचं. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आलं, की चोरटे लोकांना बनावट पानावर नेतायत, ‘हे पान एक्सप्लोरर मोडमध्ये उघडा’ म्हणून सांगतायत, आणि एक्सप्लोररच्या जुन्या इंजिनातल्या भोकातून आत शिरतायत. त्यानंतर घरगुती कॉम्प्युटरवरून ते बटण आणि मेनूतली ओळ काढून टाकली. आता सेटिंग्जमध्ये जाऊन पत्ता हाताने घालावा लागतो. जुन्या व्हिडिओत दाखवलेलं बटण तुम्हाला सापडत नसेल, तर तुमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही.

विश्वासाची यादी

मोड लागला तरी विंडोज प्लगइनला अडवेल, कारण डीव्हीआरचा पत्ता आकड्यांचा आहे. तुम्हाला वाटेल, यंत्र माझ्याच माळ्यावर आहे, म्हणजे हे घरातलंच झालं. विंडोज तसं मानत नाही. टिंब असलेला पत्ता दिसला की तो बाहेरचा, इंटरनेटचा. त्यामुळे बाहेरच्या पानांना लागणारे सगळे कडक नियम तुमच्या माळ्यावरच्या पेटीलाही लागतात.

स्टार्टमध्ये ‘इंटरनेट ऑप्शन्स’ शोधा. ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये चार चित्रं दिसतील. त्यातल्या हिरव्या खुणेच्या ‘ट्रस्टेड साइट्स’वर क्लिक करा, मग ‘साइट्स’. खाली एक टिक असते, या यादीतल्या सगळ्या साइटना एचटीटीपीएस हवंच, अशी. ती काढल्याशिवाय डीव्हीआरचा पत्ता यादीत जाणार नाही. पत्ता घाला, बंद करा.

आता ‘ट्रस्टेड साइट्स’ निवडलेलं असतानाच ‘कस्टम लेव्हल’मध्ये जा. हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगते. डावीकडचा ‘इंटरनेट’चा गोल निवडलेला असताना तुम्ही इथे बदल केलेत, तर जगातल्या कुठल्याही पानाला तुमच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅक्टिव्हएक्स चालवायची मुभा दिलीत. एका मंगल कार्यालयात मी हे नेमकं असंच केलेलं बघितलं. त्याच कॉम्प्युटरवर त्यांचं बँकेचं काम चालायचं.

तर, ट्रस्टेड साइट्सच्या कस्टम लेव्हलमध्ये अ‍ॅक्टिव्हएक्सचा भाग शोधा. सही असलेलं आणि सही नसलेलं अ‍ॅक्टिव्हएक्स डाउनलोड करणे, या दोन्हींना ‘प्रॉम्प्ट’ ठेवा. सुरक्षित असल्याची खूण नसलेली कंट्रोल चालवणे, यालाही ‘प्रॉम्प्ट’. ‘रन अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल्स अँड प्लगइन्स’ला ‘एनेबल’. प्रॉम्प्ट म्हणजे विचारून घेणे. लोक कंटाळून सगळं एनेबल करतात. मी करत नाही. दिवसातून एकदा ‘येस’ दाबायला काय जातं?

वर सांगितलेली तिसऱ्या प्रकारची ‘कालबाह्य’वाली पट्टीही ट्रस्टेड साइट्सना लागू होत नाही. म्हणजे पत्ता या यादीत गेला की तो त्रासही तेवढ्यापुरता संपतो.

प्लगइन घालायचं ते असं

आधी घरातला केर काढा. कंट्रोल पॅनेलमधून जुनं वेबप्लगइन, वेब कंपोनंट, असल्या नावाचं जे काही आहे ते अनइन्स्टॉल करा. डाउनलोड्समधल्या चौदा प्रतीही उडवा, नाहीतर नेमकी कुठली चालवली तेच कळत नाही.

मग आयई मोडमध्ये डीव्हीआरचं पान उघडा आणि प्लगइन त्या पानावरूनच घ्या. ही फाइल डीव्हीआरच्या स्वतःच्या मेमरीत असते, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी उतरते. लिंक इंटरनेटवर नेत असेल आणि तिथे काहीच नसेल, तर कंपनीच्या अधिकृत साइटवर मॉडेल नंबर टाकून शोधा. गूगलवर ‘डीव्हीआर प्लगइन फ्री डाउनलोड’ शोधून जे पहिलं येईल ते घेऊ नका. अशा पानांवर डाउनलोडची पाच हिरवी बटणं असतात आणि पाचही आपल्या कामाची नसतात.

फाइल उतरली की एजच्या सगळ्या खिडक्या बंद करा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब असेल तर कंपनीचं नाव तुमच्या डीव्हीआरच्या कंपनीशी जुळतंय का बघा. त्याच खिडकीत खाली ‘अनब्लॉक’ची टिक दिसली, आणि फाइल खरोखर डीव्हीआरमधूनच आली असेल, तर टिक करून ओके. मग परत राइट क्लिक आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. नुसतं डबल क्लिक केलं, तर काही प्लगइन ‘झालं’ असं सांगतात आणि प्रत्यक्षात विंडोजमध्ये त्यांची नोंदच होत नाही. काळा चौकोन कायम.

एज उघडा, पान उघडा, ‘ई’ दिसतोय ना बघा, लॉगिन करा. खाली किंवा वर परवानगीची पट्टी येईल, ‘अलाऊ’ करा. अजून काळंच दिसत असेल, तर इंटरनेट ऑप्शन्समध्ये ‘प्रोग्रॅम्स’ टॅबखाली ‘मॅनेज अ‍ॅड-ऑन्स’ उघडा आणि प्लगइन ‘डिसेबल्ड’ पडलंय का ते बघा. मागे कधीतरी पट्टीवर कुणी ‘नको’ म्हटलेलं असलं, तर ते तिथे लक्षात ठेवलेलं असतं. सायझिंगमध्ये तेच झालं होतं. ‘एनेबल’ केलं आणि आठही चौकोन एकदम उजळले. दिवाणजींनी कॉम्प्युटरला हात जोडले, मला चहा सांगितला.

तीस दिवसांनी परत काळं

एजच्या त्या यादीला मुदत असते. पान घातल्यापासून तीस दिवसांनी ते आपोआप निघतं आणि काळा चौकोन परत येतो. यादीत शेजारी तारीख लिहिलेली असते. त्या दिवशी परत ‘अ‍ॅड’ करायचं, बाकी काही नाही. प्लगइन परत डाउनलोड करायची गरज नसते. सायझिंगच्या कालनिर्णयवर मी दर महिन्याला गोल करून ठेवलाय. मोठं ऑफिस असेल आणि विंडोज प्रो असेल, तर ग्रुप पॉलिसीतून कायमची यादी देता येते, त्याला मुदत नसते. तीनचार कॉम्प्युटर असलेल्या पतसंस्थेत मी तसंच करते.

जे मी करत नाही

जुना पोर्टेबल फायरफॉक्स किंवा क्रोम कुठूनतरी आणून घालणे. काम होतं, नाकारत नाही. पण मग ऑफिसातला पोरगा त्याच ब्राउझरमध्ये मेल उघडतो. माळ्यावरचा विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर खास डीव्हीआरसाठी ठेवणं त्यापेक्षा बरं, पण त्याला इंटरनेट देऊ नका. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

अँटिव्हायरस बंद करून प्लगइन घालणे. ‘आधीच्या फिटिंगवाल्याने असंच सांगितलं होतं’ हे मी फार ऐकते. अँटिव्हायरस ओरडत असेल तर फाइल परत डीव्हीआरवरून घ्या आणि सही बघा. तरी ओरडला, तर त्या प्लगइनचा नाद सोडा. पुढे दुसरे रस्ते सांगितलेत.

आणि ज्याच्यावरून माझी नवऱ्याशीसुद्धा भांडणं झाली आहेत ते म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. मालकाला घरून चित्र दिसावं म्हणून राउटरमधून डीव्हीआरचं पान थेट इंटरनेटवर उघडं करून द्यायचं. दहा वर्षांपूर्वी सगळेच करत होते, आम्हीही केलंय. मग २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस आला. त्याने इंटरनेटवर उघडे पडलेले डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर शोधले, कारखान्यातून आलेले पासवर्ड टाकून बघितले आणि आत गेला. अशा यंत्रांची फौज घेऊन २१ ऑक्टोबर २०१६ ला, ब्राउझरला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना तासन्‌तास उघडत नव्हत्या. त्यानंतर आम्ही जुन्या गिऱ्हाइकांकडे वही घेऊन फिरलो आणि राउटरमधल्या त्या ओळी काढल्या. ज्या डीव्हीआरचं प्लगइन दहा वर्षं जुनं आहे, त्याच्या आतलं सॉफ्टवेअरही तेवढंच जुनं असतं. पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘१२३४५६’ असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो बदला.

प्लगइनशिवाय जमतंय का, तेही बघा

बहुतेक डीव्हीआर कंपन्यांचं विंडोजसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर असतं. ते फुकट असतं, ब्राउझरला हातही लावत नाही, आणि फुटेज शोधायला वेब पानापेक्षा कितीतरी सोपं जातं. रोजचं काम असेल तर मी तेच घालून देते. आयई मोडची सगळी खटपट मी फक्त तेव्हाच करते, जेव्हा सेटिंग बदलायचंय आणि ते वेब पानावरच आहे, किंवा ते सॉफ्टवेअर इतक्या जुन्या मॉडेलला ओळखत नाही. नुसतं चित्र बघायचं असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये आरटीएसपीचा, म्हणजे थेट चित्र पाठवायच्या पद्धतीचा, पत्ता टाकूनही दिसतं. पत्ता कसा लिहायचा ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये मिळतं. डीव्हीआरसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं असेल तर कधीकधी पानच बदलतं आणि प्लगइन लागत नाही. पण फर्मवेअर घालताना वीज गेली तर डीव्हीआरचा दगड होतो. आमच्याकडे सोमवारी वीज बंद असते, त्या दिवशी कुणी हे काम काढू नये.

जावा आणि फ्लॅशबद्दलही लोक याच सुरात विचारतात, म्हणून थोडक्यात. २०१४ च्या जानेवारीत जावा ७ च्या ५१ व्या अपडेटने सही नसलेले, वेब पानात चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम, म्हणजे अ‍ॅप्लेट अडवायला सुरुवात केली. त्याच दिवसांत एका ठेकेदाराचं टेंडर शेवटच्या दुपारी अडकलं होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’ हे शब्द वाचले. पत्ता त्या यादीत घातला, चार वाजून चाळीस मिनिटांनी सही झाली. आज ही युक्ती निरुपयोगी आहे, कारण अ‍ॅप्लेट चालवणारा भागच २०१८ मध्ये जावा ११ मधून काढला गेला. डिजिटल सहीसाठी एखादी साइट अजून ब्राउझरमधलं जावा मागत असेल, तर आधी त्यांच्या मदतीच्या पानावर नवं सहीचं सॉफ्टवेअर आलंय का बघा.

फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच काही चालवायला नकार देतो. मागच्या वर्षी जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाई जुनी सीडी घेऊन आल्या, पाढ्यांचे आणि मुळाक्षरांचे खेळ होते, सगळे एसडब्ल्यूएफ फाइलींमध्ये. त्यांना मी रफल घालून दिला. रफल म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा फुकट प्रोग्रॅम. फाइल त्यावर ओढून टाकली की उघडते. जुन्या साध्या फाइली छान चालतात, नंतरच्या गुंतागुंतीच्या काही अडखळतात. बाईंचे चौदापैकी बारा खेळ चालले. ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ अशी खिडकी आज कुठल्याही पानावर दिसली, तर ती शंभर टक्के खोटी आहे.

सायझिंगचं राहिलं. चित्र दिसल्यावर त्या रात्रीचं फुटेज वेब पानावरूनच उतरवलं. घड्याळाची सतरा मिनिटं वजा केली. बाचकी कुणी चोरली नव्हती. पहाटे पावणेपाचला दुसऱ्याच पार्टीच्या टेम्पोत भरून गेली होती, आणि भरताना शेजारी चलनवही घेऊन दिवाणजीच उभे होते. अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, “ताई, या पेटीची दुसरी चावी करून ठेवा.”